पेन्सिलीच्या खुणा

घाटकोपरला एक म्हातारे काका राहत. त्यांचं उभं आयुष्य सह्याद्रीत फिरण्यात गेलं होतं. आता ते मुलांना नकाशा आणि होकायंत्र वापरायला शिकवत. एके वर्षी त्यांच्याकडे दोघं शिकायला आली. मुलगा बोरिवलीचा होता, मुलगी मुलुंडची.

पहिल्याच दिवशी काकांनी विचारलं, "राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर कुठल्या दिशेला आहेत?"

"पूर्वेला," मुलगा म्हणाला. "सूर्य त्यांच्यामागून वर येतो."

"छे, पश्चिमेला," मुलगी म्हणाली. "सूर्य त्यांच्यामागे मावळतो."

दोघं हट्टाला पेटली. काका काही बोलले नाहीत. त्यांनी फरशीवर नकाशा पसरला. डोंगरांच्या एका अंगाला बोरिवली होती, दुसऱ्या अंगाला मुलुंड. दोघं गप्प झाली.

मग शिकवणी सुरू झाली. नकाशा भारतीय सर्वेक्षण विभागाचा होता. हा विभाग १७६७ पासून देश मोजतो आहे. कागदावरचा १ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा अर्धा किलोमीटर. एका तपकिरी रेषेपासून दुसरीपर्यंत २० मीटरची चढण. रेषा दूर दूर असल्या की पठार, एकमेकींना चिकटल्या की कडा. होकायंत्रही काकांनी नीट समजावलं. आपल्याकडे सुई खऱ्या उत्तरेपासून एका अंशाहूनही कमी ढळते, म्हणून वेगळा हिशेब लागत नाही. मात्र जवळ लोखंड असलं की ती फसते.

भाद्रपदातल्या एका शनिवारी काका दोघांना हरिश्चंद्रगडावर घेऊन निघाले. कल्याणहून एसटीने माळशेज घाट चढून तिघं खुबी फाट्याला उतरली. काकांनी दोघांना एकेक नकाशा, एकेक होकायंत्र आणि एकेक पेन्सिल दिली.

"वाट तुम्ही काढायची," ते म्हणाले. "मी मागून येतो."

मुलाने नकाशा प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळला आणि सॅकच्या तळाशी ठेवला. "वाट चुकली तर काढू," तो म्हणाला. "आता तर ती समोर दिसते आहे."

मुलीने नकाशा हातातच ठेवला. खिरेश्वर गाव आलं, ती थांबली. सुई बघून तिने नकाशा उत्तरेला लावला, गाव शोधलं, पेन्सिलीने ठिपका दिला आणि शेजारी वेळ लिहिली. तोलार खिंडीत ती पुन्हा थांबली. पठारावर एक ओढा आडवा आला, तिथेही थांबली.

मुलगा कंटाळला. "आपण कुठे आहोत ते माहीत आहे ना? मग पुन्हा पुन्हा काय बघतेस?"

मुलीने ठिपका दिला आणि चालू लागली.

ओढा ओलांडल्यावर धुकं उतरलं. दहा पावलांपलीकडचं काही दिसेना. पायवाट कातळावर आली आणि कातळावरच हरवली. दोघं अंदाजाने चालत राहिली. गडावरचं देऊळ गाठायचं होतं, ते काही येईना.

शेवटी मुलाने सॅक उघडली. नकाशा कोरडा आणि कोरा करकरीत होता. त्याने तो बरोबर उत्तरेला लावला. हरिश्चंद्रेश्वराचं देऊळ शोधलं. "आपण खिंडीतून आलो, म्हणजे देऊळ पश्चिमेला," असं म्हणून तो निघाला.

"थांब," मुलगी म्हणाली. "आत्ता आपण नकाशावर कुठे आहोत, ते दाखव."

मुलाचं बोट नकाशावर फिरत राहिलं. कुठेच टेकेना.

"देऊळ अजून पुढे असेल तर पश्चिम बरोबर आहे," मुलगी म्हणाली. "पण ते मागे पडलं असेल, तर पश्चिमेला कोकणकडा आहे."

मुलाने होकायंत्राकडे पाहिलं. सुई उत्तर दाखवत होती. तो कुठे उभा आहे, ते ती सांगत नव्हती.

मुलीने आपला शेवटचा ठिपका पाहिला. "ओढा ओलांडून तास झाला. तिथून देऊळ नकाशावर दोन सेंटिमीटर, म्हणजे एक किलोमीटर. एवढ्या वेळात आपण त्याहून जास्त चाललो. देऊळ मागेच राहिलं. आता पूर्वेला जाऊ. ओढा आडवा येईलच."

मुलगा पुढे जाई, धुक्यात दिसेनासा होण्याआधी थांबे. मुलगी होकायंत्र धरून त्याला डावीकडे, उजवीकडे सरकवी आणि मग त्याच्यापाशी जाई. असं करत दोघं माघारी आली. आधी पाण्याचा आवाज आला, मग ओढा आला. काठाकाठाने जाऊन त्यांनी ओलांडायची जागा शोधली. तिथून देवळाची दिशा मोजली आणि पुन्हा तसंच निघाली. थोड्या वेळाने धुक्यातून दगडी शिखर वर आलं.

सकाळी आभाळ मोकळं झालं. काका दोघांना काल थांबली होती त्या जागी घेऊन गेले. समोर थोड्याच अंतरावर जमीन संपत होती. तिघं पोटावर झोपून कड्यापर्यंत सरकली. खोल खाली बेलपाड्याची घरं दिसत होती.

मुलाचा घसा कोरडा पडला. "काका, तुम्ही मला थांबवलं का नाही?"

"आणखी दहा पावलं टाकली असतीस तर हात धरला असता," काका म्हणाले. "नकाशा तुझ्याकडेही होता आणि तिच्याकडेही. तुझी दिशाही चुकली नव्हती. पण वाट दिसत होती तेव्हा तू नकाशाला काही विचारलं नाहीस. वाट गेल्यावर विचारलंस, तेव्हा तो काय सांगणार?"

तात्पर्य : वाट सापडलेली असतानाच आपण कुठे आहोत ते पाहत जावं. आपण उभे आहोत ते ठिकाण माहीत नसेल, तर बरोबर दिशाही कड्यावर नेते.