लखौरी विटा

लखनौच्या स्थपतींनी लखौरीची चपटी, लहानशी वीट, चुना आणि सुरखी एवढ्या सामग्रीतून असे वैभव उभे केले, की दुरून पाहणाऱ्याला संगमरवराचा भास व्हावा. गिलावा सुटला की आतली वीट उघडी पडते. आणि मला त्या भासापेक्षा, एकावर एक थर रचत गेलेल्या अनाम हातांची चिकाटीच अधिक मोह घालते.

लखनौमधली आलमबाग याच विटांची. अवधचे नवाब वाजिद अली शाह यांनी आलम आरा बेगमेसाठी तटबंदीच्या आत कोठी आणि उद्यान वसवले. १८५६ मध्ये राज्य गेले, नवाब कलकत्त्याच्या मटियाबुर्जला गेले, आणि पुढच्याच वर्षीच्या उठावात कानपूरकडून आलेल्या ब्रिटिश सेनानी हॅवलॉकच्या सैन्याने विहारासाठी बांधलेल्या त्या भिंतींआड आपले आजारी, जखमी आणि सामानसुमान ठेवले. नोव्हेंबरात खुद्द हॅवलॉकलाही तिथेच पुरले. पुढे फाळणीत घरदार गमावलेली पंजाबी कुटुंबे याच परिसरात येऊन विसावली, आणि एका बेगमेच्या एकांताभोवती संसारांचा गजबजाट वाढत गेला. वास्तूला प्रयोजन देणारा माणूस किती अल्पायुषी, आणि भिंत किती सोशिक! तिची जाडी, कमानीचा ओघ, झुळुकीची वाट यांना आत कोण राहतो याच्याशी काय कर्तव्य?

भिंतींचे हे सोसणे दूर इंग्लंडातही दिसते. यॉर्कशायरमधल्या सॉल्टेअर गावी गिरणीमालक टायटस सॉल्टने १८६८ मध्ये उभारलेल्या दगडी ‘न्यू मिल’मध्ये आज सदनिका आहेत. यंत्रावर वाकलेल्या डोळ्यांसाठी मागून घेतलेला उजेड आता तिथल्या दिवाणखान्यांत पसरतो. मात्र तिथला रहिवासी जुना दगड आवडीने निवडतो, त्याच्या प्राचीनत्वाचे मोलही देतो. निर्वासिताला असली निवड कुठली? त्याला छप्पर हवे असते, इतिहास नव्हे. तरीही काळाच्या दृष्टीने दोघेही एकच कर्म करतात, असे मला वाटते: दुसऱ्याच्या स्वप्नाच्या मापाने बांधलेल्या जागेत आपली चूल मांडतात.

मुंबईच्या गिरणगावाला हे भाग्य क्वचितच लाभले. १९८२ च्या संपानंतर एकेक गिरणी थंडावली, पुढे तिच्या जागी काचेचे मनोरे उठले, आणि कुठेकुठे धुराडे तेवढे शोभेपुरते राहिले. त्या भक्कम दालनांत माणसे नांदू शकली असती, ही कल्पना आपल्याकडे फारशी रुजलीच नाही; जुने म्हटले की एक तर सोवळ्यात ठेवायचे, नाहीतर पाडायचे.

पुण्याच्या वाड्यांनी मात्र तिसरी वाट चोखाळली होती. ओसरीला फळ्या ठोकून भाडेकरूंनी स्वयंपाकघर केले, चौकात दोऱ्या बांधल्या, तेव्हा रसिकांनी नाके मुरडली असतील. पण पावसाळ्याआधी कौले परतवायला आत कोणीतरी होते. मालक आणि भाडेकरू यांच्या तंट्यांत पुढे त्यांतलेच कितीतरी वाडे खचले, हेही तितकेच खरे, आणि त्याचा दोष वास्तूकडे खासच नव्हता.