पायरी आणि चढण

गेल्या उन्हाळ्यात सोलापुरात झालेल्या एका परिसंवादात, सार्वजनिक इमारती अपंगांना सुगम कशा व्हाव्यात या प्रश्नाचा ऊहापोह चालला असता, एका व्यासंगी वक्त्यांनी असे प्रतिपादन केले की, उतार किती असावा, दार किती रुंद असावे, कठडा किती उंचीवर असावा, ही सारी मोजमापे परदेशी समाजांची गरज आहे. आपल्या समाजाने पांगळ्याला पिढ्यान्‌पिढ्या खांद्यावर वाहिले आहे, आणि जेथे करुणा जागी आहे तेथे कायद्याच्या कलमांचे प्रयोजन उरत नाही. शेवटी त्यांनी विचारले, ‘आणि अशी माणसे आपल्या कचेऱ्यांत येतात तरी किती?’ टाळ्या पडल्या. माझ्या शेजारी माझे एक स्नेही बसले होते; लहानपणीच्या पोलिओमुळे ते चाकाच्या खुर्चीवर असतात, आणि दोन तरुणांनी त्यांना खुर्चीसकट उचलून त्या सभागृहाच्या पायऱ्या चढवल्या होत्या. त्या टाळ्यांना उत्तर देणे मला भाग आहे.

हे स्नेही निवृत्त शिक्षक आहेत. निवृत्तिवेतनासाठी दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो, त्याकरिता गेल्या वर्षी मी त्यांच्याबरोबर शहरातील एका कचेरीत गेलो. दाराशी अर्ध्या-अर्ध्या फुटाच्या तीन पायऱ्या, आणि त्यांच्या कडेला सिमेंटची चढण. मी मोजपट्टी नेली होती. चढणीची लांबी सहा फूट भरली. एक फूट चढण्यास बारा फूट लांबी, हे आपल्याकडे मान्य झालेले प्रमाण आहे. म्हणजे दीड फूट उंचीच्या त्या जोत्याला अठरा फूट लांबीची चढण हवी, दोन्ही अंगांना कठडा हवा, आणि वर दारापुढे खुर्ची वळेल एवढी, पाच फुटांची, सपाट जागा हवी. सहा फुटांत दीड फूट चढायचे म्हटले की खुर्चीची पुढची चाके उचलली जातात आणि माणूस पाठीवर कोसळतो. स्नेही निम्म्यावर गेले आणि तसेच मागे कलले. मी आणि पहारेकऱ्याने धरले म्हणून वाचले. मग कारकून कागद घेऊन बाहेर आला, आणि तेथे उभ्या असलेल्या एका मोटारसायकलच्या सीटवर कागद ठेवून त्यांनी आपण हयात असल्याची सही केली. कारकून सौजन्याने वागला, त्याच्याविषयी माझी तक्रार नाही. माझी तक्रार त्या बारा फुटांविषयी आहे, जे बांधलेच गेले नाहीत.

कायद्यात याविषयी संदिग्धता नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याच्या ४४ व्या कलमान्वये सुगम्यतेचे नियम पाळल्याखेरीज इमारतीला बांधकामाची परवानगीही नाही आणि भोगवट्याचा दाखलाही नाही. ४५ व्या कलमाने जुन्या सार्वजनिक इमारतींना नियम निघाल्यापासून पाच वर्षांची मुदत दिली, ती २०२२ साली संपली. परंतु २०१७ च्या नियमावलीतील पंधराव्या नियमाने या मापांना मार्गदर्शक तत्त्वांचा दर्जा दिला, आणि मार्गदर्शन म्हणजे जमल्यास करावयाची गोष्ट, असा सोयीचा अर्थ दप्तरादप्तरांत रूढ झाला. राजीव रतुरी हे दृष्टिहीन गृहस्थ २००५ साली सर्वोच्च न्यायालयात गेले होते. त्यांच्या अर्जावर ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या पीठाने तो नियम मूळ कायद्याशी विसंगत ठरवला आणि बंधनकारक असे किमान नियम तीन महिन्यांत करण्याचा हुकूम दिला. अर्ज आणि हा हुकूम यांत एकोणीस वर्षे गेली.

करुणेच्या दाव्याचे उत्तर मात्र दिल्लीत शोधावे लागत नाही. ते आपल्याच जिल्ह्यात, पंढरपुरात आहे. विठ्ठलमंदिराच्या महाद्वारातील पायरी नामदेवांची. संतांची चरणधूळ आपल्या मस्तकी पडावी म्हणून त्यांनी ती जागा मागून घेतली, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. त्या पायरीसमोर चोखोबांची समाधी आहे. ज्यांना ती पायरी ओलांडण्याची मुभा नव्हती, त्यांनी कळसाच्या दर्शनावर समाधान मानावे, अशी शतकानुशतकांची वहिवाट होती. त्या काळी वारीत करुणा नव्हती काय? होती, ओसंडून वाहत होती. तरी दार उघडण्यासाठी १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना पंढरपुरात प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. गुरुजींइतका करुणेने भरलेला माणूस महाराष्ट्राने क्वचितच पाहिला असेल, आणि त्यांनी मागितला तो प्रवेश. चोखोबांना माणसांनी अडवले, माझ्या स्नेह्यांना दगडाने अडवले. हे दोन्ही अन्याय सारखे आहेत असे मी म्हणणार नाही, कारण अस्पृश्यतेत तिरस्कार होता आणि येथे विस्मरण आहे. परंतु बाहेर राहिलेल्याची ज्या शब्दांनी समजूत घातली जाते, ते शब्द दोन्हीकडे एकच आहेत.

येथे मला मूळच्या सोलापूरच्या नसीमा हुरजूक यांचे स्मरण होते. विद्यार्थिदशेतच कमरेखालचे शरीर लुळे पडलेल्या या बाईंनी १९८४ साली कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हॅन्डिकॅप्ड’ ही संस्था उभी केली, आणि आत्मचरित्राला नाव दिले ‘चाकाची खुर्ची’. त्या नावापाशी मी अनेकदा थांबलो आहे. ‘पांगळ्याला उचलले’ या वाक्यात कर्ता उचलणारा असतो. खुर्ची म्हटले की ती चालवणारा कर्ता होतो. ज्याला वाहून न्यावे लागते त्याला वेळ निवडता येत नाही, वाट निवडता येत नाही, आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे निघून जाता येत नाही. त्या परिसंवादात टाळ्या पडल्या तेव्हा माझ्या स्नेह्यांना उठून बाहेर जायचे होते, तसे ते मला हळूच म्हणालेही. पण ते दोन तरुण चहाला गेले होते. ज्यांच्या करुणेची थोरवी व्यासपीठावरून गायली जात होती, त्यांची वाट पाहत ते अर्धा तास ते भाषण ऐकत बसले.

राहिला शेवटचा प्रश्न, येतात तरी किती. याला मी आजवर आकड्यांनी उत्तर देत आलो. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील अपंग व्यक्तींची संख्या सुमारे २९ लाख ६३ हजार होती. तीत सोलापूरच्या पूर्व भागात मागावर आयुष्य काढून गुडघे गेलेले विणकर, विड्या वळून पाठ धरलेल्या बाया, गरोदर स्त्रिया मिळवल्या की चढण सर्वांच्याच उपयोगाची ठरते, असा माझा युक्तिवाद असे, आणि या लेखाचा पहिला मसुदाही मी तसाच लिहिला होता. तो वाचून स्नेही म्हणाले, ‘अहो, उद्या मोजणीत आम्ही थोडे भरलो, तर चढण उखडून टाकायची का?’ मला मसुदा फाडावा लागला. हक्क संख्येवर उभा केला की ज्या गावात डोळे आणि कान दोन्ही गमावलेला एकच माणूस राहतो, त्या गावात त्याचा हक्क जवळजवळ शून्य होतो. गीरच्या जंगलात बाणेज येथे याच देशाने एका मतदारासाठी मतदानकेंद्र उभारले आहे. तेथे कोणी विचारले नाही की येतात किती. आणि आमच्या कचेऱ्यांत अपंग येत नाहीत, ते पायऱ्यांमुळेच येत नाहीत.

वक्त्यांचे एक म्हणणे मी मान्य करतो. दिल्लीत लिहिलेले सर्वच सोलापुरात जसेच्या तसे चालत नाही. मे महिन्यात पारा ४४ अंशांपर्यंत जातो तेव्हा उन्हातला पोलादी कठडा हातात धरवत नाही. तेथे लाकूड असावे की वर छप्पर असावे, हे येथल्या माणसांनी, आणि त्यांतही तो कठडा धरणाऱ्यांनी ठरवावे. उताराचे प्रमाण मात्र हवामानावर, मर्जीवर किंवा शिल्लक निधीवर सोडता येणार नाही. महानगरपालिकेच्या अभियंत्यांना माझी विनंती आहे की भोगवट्याच्या दाखल्यावर सही करण्यापूर्वी चढण मोजपट्टीने मोजावी, आणि मोजताना खुर्ची वापरणारा एक माणूस शेजारी असावा.

त्या कचेरीतली चढण मी परवा पुन्हा मोजली. ती सहा फूटच आहे, आणि नोव्हेंबर तोंडावर आला आहे.