लाकूड आणि लाकडाचं चित्र

‘स्टेशन वॅगन’मधलं स्टेशन रेल्वेचं. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकेत आगगाडीतून उतरलेल्या पाहुण्यांना ट्रंकांसकट हॉटेलात पोचवणारी गाडी म्हणजे ‘डेपो हॅक’. फोर्ड मॉडेल टीची नुसती चॅसिस घ्यायची आणि वर लाकडी बॉडी चढवून घ्यायची. ट्रकची बॉडी सुताराकडून बांधून घेणाऱ्या आपल्या लोकांना यात नवल वाटणार नाही. लाकूड तिथे शोभेसाठी नव्हतंच. पत्रा दाबायचे साचे महाग, ते हजारो गाड्या काढल्या तरच परवडत. थोड्या गाड्यांसाठी सुतारच स्वस्त.

१९२९ साली फोर्डने मॉडेल एची स्वतःची स्टेशन वॅगन विकायला काढली. चौकट मेपलची, मधल्या फळ्या बर्चच्या. मिशिगनमधल्या आयर्न माउंटनला फोर्डची लाकूड गिरणी होती, आसपासची जंगलंही कंपनीचीच. तिथे उरलेल्या लाकडाचा कोळसा करून तोही विकला जाई.

या गाडीचा दरवाजा जवळून पाहावा. चौकट बाहेर, फळी आत दबलेली. पावसाचं पाणी खालच्या आडव्या पट्टीवर साचतं, सांध्यात मुरतं. आधी वॉर्निशला पोपडे येतात, मग लाकूड काळं पडतं. ओल धरली की दार फुगतं, सुकलं की करकरतं. म्हणून दरवर्षी घासायचं, वॉर्निश द्यायचं, बोल्ट आवळायचे. गाडी विकत घेतली तरी तिचं काम संपत नसे, आणि मला या गाड्यांचं मोल तिथेच वाटतं.

पुढे हीच गरजेची गाडी श्रीमंतांच्या बंगल्यांपुढे दिसू लागली. १९४१ची क्रायस्लर टाउन अँड कंट्री तर खास त्यांच्यासाठीच. पण लाकडाचं रूप हवं असणाऱ्यांना त्याची निगा नको होती. १९४६ची विलीज जीप स्टेशन वॅगन सगळी पत्र्याची, रंग मात्र लाकडी चौकटीसारखा! १९५३नंतर ब्यूकनेही खरं लाकूड सोडलं. त्यानंतर कितीतरी वर्षं अमेरिकन गाड्यांच्या कुशीला लाकडाच्या रेषा छापलेलं प्लास्टिक चिकटत राहिलं. ते पाहून मला वाईट वाटतं. त्याला वॉर्निश लागत नाही, कारण त्यात सडण्याजोगं काही नसतंच.

इंग्लंडात मॉरिस मायनर ट्रॅव्हलर १९७१पर्यंत निघत होती. तिच्या मागच्या भागाचा भार ॲशच्या लाकडी चौकटीवर. तिथे २०१८पर्यंत गाडीच्या सक्तीच्या वार्षिक तपासणीत ते लाकूडही तपासत, आणि चौकट कुजली असेल तर गाडी नापास होई.