थट्टा, छळ आणि आपले मौन

पावसाळ्याच्या दिवसांत सकाळच्या वेळी आजऱ्याच्या एस.टी. स्थानकावर थोडा वेळ उभे राहावे. गवश्याकडून, उत्तूरकडून आलेल्या गाड्यांतून हायस्कूलची मुले उतरत असतात. भिजलेल्या छत्र्या, भिजलेली दप्तरे आणि मोठमोठ्याने चाललेली बोलणी. या गर्दीत एखादा मुलगा सर्वांत शेवटी उतरतो. मागच्या बाकावर जागा असूनही तो उभ्यानेच आलेला असतो. त्याचे दप्तर दुसऱ्याच कुणीतरी खाली फेकते. ते चिखलातून उचलून तो निमूटपणे चालू लागतो. आपण हे पाहतो, किंचित हसतो, 'मुलेच ती' असे म्हणतो आणि आपल्या कामाला लागतो.

या 'मुलेच ती'विषयी आज वाचकांशी थोडे बोलावे, असे आमच्या मनात आहे.

इंग्रजी शिकलेली मंडळी या प्रकाराला 'बुलिंग' म्हणतात. आपल्या भाषेत त्याला एकच एक असा शब्द नाही. चिडवणे, खोड्या काढणे, टिंगल, दमदाटी, दादागिरी, कट्टी असे पुष्कळ शब्द आहेत. परंतु ते बहुतेक करणाऱ्याच्या बाजूचे आहेत. सोसणाऱ्याच्या बाजूचा शब्द 'छळ', आणि तो आपण सासुरवाशिणीसाठी राखून ठेवला आहे. शाळकरी मुलाचा छळ होतो असे म्हटले, तर त्याच्या आईवडिलांनाही ती अतिशयोक्ती वाटते. थट्टेची कुस्करी होते हे आपल्याला ठाऊक आहे. ती नेमकी कुठल्या क्षणी होते, हे मात्र आपण कधी पाहिलेले नसते.

आम्ही तरी पाहिले नव्हते. काही वर्षांपूर्वी आम्ही दुसऱ्या एका धर्मग्रामात होतो. तेथे एक वेदीसेवक मुलगा बोलताना अडखळत असे. शब्दाच्या आरंभीच त्याची जीभ अडे. तो वाचनासाठी उभा राहिला, की मागच्या रांगेतून चालू न होणाऱ्या गाडीचा 'घर्र घर्र' असा आवाज अगदी हळू येई. मुलांनी त्याचे नावच 'एस.टी.' ठेवले होते. एकदा सहलीत जेवणाच्या वेळी एका मुलाने त्याची नक्कल केली. नक्कल हुबेहूब होती. सगळे हसले आणि आम्हीही हसलो. पुढच्या रविवारपासून तो मुलगा वेदीसेवेला आला नाही. पोट दुखते, अभ्यास आहे, पाहुणे आले आहेत, अशी कारणे येत राहिली. महिन्याभराने त्याची आई आली. पदराचे टोक बोटाला गुंडाळत ती म्हणाली, "फादर, मुलं हसतात त्याचं त्याला काही वाटत नाही म्हणतो. पण तुम्हीही हसलात, असं तो म्हणतो."

सेमिनरीत नीतिशास्त्राचे धडे आम्ही वर्षानुवर्षे घेतले होते. त्या घटकेला त्यांतले काहीही आमच्या कामी आले नाही. रात्री मात्र आम्ही संत थॉमस अक्वायनस यांचा ग्रंथ काढून बसलो. निंदा, चहाडी, शिवीगाळ यांच्याच ओळीत त्यांनी उपहास हे एक वेगळे पाप मानले आहे. उपहास करणाऱ्याचा हेतू समोरच्याला लाजवणे हा असतो, असे त्यांचे म्हणणे. पुढे ते जो भेद करतात, तो आम्हांला फार मार्मिक वाटला. दुसऱ्याचे व्यंग क्षुल्लक समजून केलेली थट्टा हा लहान दोष होय. परंतु ती व्यक्तीच इतकी क्षुल्लक मानली, की तिच्या दुःखाची पर्वा करण्याचे कारण उरू नये, तर तो उपहास गंभीर पाप ठरतो. याच ग्रंथात अन्यत्र त्यांनी विनोदाची व खेळाची आवड हा सद्गुण म्हणून गौरविला आहे. तेव्हा संत थॉमस हसण्याच्या विरुद्ध होते, असे कुणी समजू नये. हसताना समोरच्या माणसाचे मोल आपल्या लेखी किती राहते, एवढेच ते विचारतात.

त्या सहलीत नक्कल करणारा मुलगा वाईट घरचा नव्हता. 'संवेदनशीलता' या विषयावरील वक्तृत्वात त्याला बक्षीस मिळाले होते! महाराष्ट्रातील शाळांत मूल्यशिक्षण आले, तेव्हा राष्ट्रभक्ती, श्रमप्रतिष्ठा, स्त्री-पुरुष समानता, सौजन्यशीलता, वक्तशीरपणा अशी दहा मूल्ये ठरविण्यात आली. संवेदनशीलता त्यांपैकीच एक. ही मूल्ये कित्येक शाळांच्या भिंतींवर सुबक अक्षरांत रंगविलेली आपण पाहतो. त्या भिंतीला टेकूनच एखाद्याची टोपी पळविली जाते. याचा दोष मूल्यांकडे जात नाही, रंगाऱ्याकडे तर नाहीच. चारित्र्य हा सांगण्याचा विषय आहे अशी आपली समजूत आहे, आणि गफलत होते ती तेथे. सद्गुण हा कृतीच्या सवयीने अंगी बाणतो, हे ॲरिस्टॉटलने ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातच सांगून ठेवले आहे. अमेरिकेत प्राथमिक शाळांसाठी तयार केलेल्या अशा सात निरनिराळ्या उपक्रमांची सरकारी पातळीवर कसून तपासणी झाली. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अहवालाने मुलांच्या वर्तनात एकंदरीने काही सुधारणा दिसली नाही, असा निर्वाळा दिला. उलट नॉर्वेत १९८३ नंतर प्राध्यापक ऑल्व्हेउस यांनी बर्गन शहरातील ४२ शाळांत जे काम केले, त्यातून छळाचे प्रमाण दोन वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आले. त्यांनी व्याख्यानांवर भर दिला नव्हता. मधल्या सुटीत शिक्षक अंगणात हजर असत, वर्गाचे नियम मुलांशी बोलून ठरत, पालकांना बोलावले जाई, आणि एकही प्रसंग 'किरकोळ' म्हणून सोडून दिला जात नसे.

परंतु नॉर्वेपर्यंत जाण्याचे कारण काय? आपल्याच जिल्ह्यात, कुंभोज येथे, १८८७ साली जन्मलेल्या भाऊराव पाटलांनी हे फार पूर्वी करून दाखविले. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहे उभी केली. ज्यांना कुठेच आसरा नव्हता त्या मुलांना त्यामुळे छप्पर मिळाले, हे महाराजांचे उपकार. भाऊराव त्यांच्या पुढचे पाऊल टाकून गेले. १९२४ साली साताऱ्यात त्यांनी सर्व जातींच्या मुलांचे एकच वसतिगृह काढले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचे नाव मिळाले. तेथे मुले एकत्र स्वयंपाक करीत, एका पंक्तीला जेवत, अंगमेहनत करीत. त्या काळी बहुजन आणि अस्पृश्य मुलांची शाळेत जी हेटाळणी होई, तिच्यापुढे आजचे आमचे चिडवणे फिके आहे. समतेवर निबंध लिहून ती हेटाळणी थांबली नसती. ज्याने भाकरी थापली त्याचीच भाकरी खायची, असा रोजचा शिरस्ता पडला आणि मुले बदलली. लक्ष्मीबाईंनी आपले दागिने मोडून त्या मुलांची पोटे भरली, तेही मुलांच्या डोळ्यांसमोर घडत होते.

आपल्या परंपरेत संत जॉन बॉस्को आहेत. ८ डिसेंबर १८४१ रोजी तुरीनच्या एका चर्चमध्ये मिस्साला साहाय्य करता येत नाही म्हणून एका अनाथ पोराला सेवकाने बडवून हाकलले. डॉन बॉस्कोंनी त्याला परत बोलावले, मिस्सानंतर जवळ बसवून घेतले, त्याची चौकशी केली आणि शिकवायला आरंभ केला. सलेशियन कार्याचा उगम येथे सांगतात. मोठ्या माणसाने पवित्र वेदीजवळच एका मुलाचा केलेला अपमान हेही त्या कथेचे एक अंग आहे. ते आपण सांगताना गाळतो.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. महाराष्ट्राने १९९९ साली रॅगिंगबंदीचा कायदा केला, त्यात दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मुलाला मारणे आणि मानसिक त्रास देणे या दोहोंना मनाई केली. दोन्ही कायदे आवश्यकच आहेत. पण 'घर्र घर्र' हा आवाज कुठल्या कलमात बसवावा?

आमचा खरा प्रश्न पाहणाऱ्यांविषयी आहे. छळणारा एक, सोसणारा एक आणि पाहणारे तीसचाळीस. योसेफाला त्याच्या भावांनी खड्ड्यात टाकले आणि लगेच ते जेवायला बसले, असे जुना करार सांगतो. प्रभूच्या दुःखसहनाच्या रात्रीही पहारेकऱ्यांनी खेळच मांडला होता. डोळे बांधायचे, मारायचे आणि कुणी मारले ते ओळखायला लावायचे. हा खेळ आपली मुले कुठे शिकली, हे विचारण्याची सोय नाही. त्याच अंगणात पेत्र शेकोटीपाशी हात शेकत उभा होता. त्याने प्रभूला एकही चापट मारली नाही. तरीही कोंबडा आरवल्यावर तो बाहेर जाऊन रडला. विचाराने, शब्दाने व कृतीने झालेल्या पापांबरोबर कर्तव्यात केलेली हयगयही आपण प्रत्येक मिस्सात कबूल करतो. मुलांना पापनिवेदनाच्या तयारीसाठी जी प्रश्नावली देतो, तीत मात्र खोटे बोललास का, शिवी दिलीस का, आईचे ऐकलेस का, हेच असते. कुणाला चिडवत असताना तू काय करीत होतास, हा प्रश्न आमच्याही यादीत नव्हता.

आजऱ्याच्या मातीत १९४० साली जन्मलेल्या शिवाजी सावंतांनी १९६७ साली 'मृत्युंजय' लिहून कर्णाला घराघरांत नेले. भर रंगभूमीवर कर्णाला त्याचे कुळ विचारले गेले, तेव्हा सारी सभा पाहत होती. तो सल घेऊन कर्ण वाढला आणि पुढे द्यूतसभेत द्रौपदीची विटंबना होत असता कर्णानेच तिला वाईट शब्द ऐकविले. कर्णाविषयी आम्हां सर्वांना माया वाटते, म्हणून ही गोष्ट बोलायला जड जाते. परंतु अपमान सोसणाऱ्याला सहानुभूती आपोआप शिकता येते, हे खरे नाही. वर्गात सर्वांत जास्त चिडविणारा मुलगा घरी काय ऐकतो, याची चौकशी शिक्षकांनी एकदा अवश्य करावी.

त्या मुलाच्या घरी आम्ही दुसऱ्याच दिवशी गेलो. आईने चहा केला, मुलगा आतल्या खोलीतून बाहेर आला नाही. बंद दाराकडे तोंड करून माफी मागणे आम्हांला अवघड गेले, पण मागितली. मग शनिवारच्या धर्मशिक्षण वर्गातही आम्ही घडले ते सांगितले, आपलेही हसणे लपवले नाही. वर्गात बराच वेळ कुणी बोलले नाही. सुटल्यावर वक्तृत्वात बक्षीस मिळविणारा मुलगा पायरीवर घुटमळत राहिला. "फादर, आम्हीपण हसलो होतो. आमचं काय?" आम्ही त्याला उत्तर दिले नाही, त्या मुलाचे घर कुठे आहे तेवढे विचारले. त्याला ठाऊक होते. संध्याकाळी दोघे सायकलवर डबलसीट त्या बाजूला जाताना दिसले. तेथे काय बोलणे झाले, ते आम्ही विचारले नाही. ईस्टरनंतरच्या रविवारी तो मुलगा पुन्हा वेदीसेवेला आला. वाचन नको म्हणाला. धूपदान मात्र त्याने घेतले.