हाकेच्या अंतरावरची सत्ता

सत्ता लोकांच्या जितकी जवळ, तितकी ती न्यायी, असे आपण सहज म्हणून जातो. संघराज्याच्या कल्पनेमागेही बव्हंशी हाच विश्वास आहे. पण जवळची सत्ता न्यायी असतेच का? या प्रश्नाचा विचार करताना आम्हांला स्वित्झर्लंडचा अनुभव बोलका वाटतो.

तेथे १८४८ साली संघराज्य स्थापन झाले. आज त्यात २६ कँटन, म्हणजे घटकराज्ये आहेत. शंभर दिवसांत ५०,००० नागरिकांनी सह्या केल्या, तर संसदेने संमत केलेला कायदाही जनतेच्या कौलासाठी ठेवावा लागतो. घटनादुरुस्तीला मतदारांचे बहुमत तर हवेच, शिवाय बहुसंख्य कँटनांची संमतीही हवी. सामान्य नागरिकाच्या हाती इतका अधिकार देणारे देश थोडेच.

तरीही त्या देशात स्त्रियांना राष्ट्रीय मताधिकार मिळाला तो १९७१ साली. १९५९ मध्ये हाच प्रश्न जनमताला आला, तेव्हा पुरुष मतदारांनी तो मोठ्या बहुमताने फेटाळला होता. मात्र त्याच दिवशी व्हो कँटनच्या पुरुषांनी आपल्या राज्यापुरता तो अधिकार स्त्रियांना दिला. देश नाही म्हणत असता एका घटकाला हो म्हणता आले, हे संघराज्याचेच देणे होय.

पण त्याच स्वायत्ततेच्या आडोशाने अन्यायही टिकला. आपेन्झेल इनररोडेन या चिमुकल्या कँटनमध्ये नागरिक दरवर्षी उघड्यावर एकत्र जमतात आणि हात उंचावून निर्णय घेतात. लोकशाहीचे याहून जिवंत रूप कोणते? पण एप्रिल १९९० मध्येही तेथील पुरुषांनी स्त्रियांना त्या सभेत मताधिकार नाकारला. ज्यांना नाकारले त्या कोणी परक्या नव्हत्या. त्यांच्याच माता, भगिनी, पत्नी होत्या. जिव्हाळा होता, पण रूढी त्याहून बलवत्तर ठरली. अखेर त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये संघराज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने, १९८१ साली जनतेनेच घटनेत घातलेल्या समानतेच्या कलमाच्या आधारे, हा अधिकार स्त्रियांना मिळवून दिला. १९९१ पासून त्याही तेथे हात उंचावू लागल्या.

जवळची सत्ता आपला आवाज लवकर ऐकते, हे खरेच. पण ज्यांना सभेत स्थानच नाही, त्यांची हाक ऐकण्यासाठी कधी कधी दूरचे न्यायासन लागते. संघराज्याला या दोहोंची गरज आहे. आणि सभेत बसलेल्यांवर एक जबाबदारी उरतेच: हात मोजण्यापूर्वी, येथे कोणाला बोलावलेच गेले नाही, हे पाहण्याची.