रिकामी ओळ

मंडळी, आपल्यापैकी बरेचजण कॅनडात आले ते संगणकाचं बोट धरून. तेव्हा सुरुवात डेटाबेसपासून केली तर रागावू नका.

पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये काही फंक्शन्स 'व्हॉइड' असतात. ती काम करतात, पण उत्तर म्हणून काही परत देत नाहीत. 'पीजी स्लीप'चं काम एवढंच, की सांगितले तितके सेकंद थांबायचं. क्वेरीत 'सिलेक्ट' लिहून त्याला बोलावलं तर पडद्यावर काय यावं? एक ओळ येते. रकाना कोरा, पण ओळींच्या मोजणीत ती धरलेली. मूल्य काही नाही, काम झाल्याची नोंद मात्र आहे.

आणखी एक गंमत. वेळ वाचवण्यासाठी पोस्टग्रेस कधीकधी, ज्याचं उत्तर पुढे कुणी वापरत नाही असं फंक्शन गाळतं. पण फंक्शन लिहिणाऱ्याने तशी मुभा दिली नसेल, तर याच्या कामाने कुठेतरी काही बदलत असेल असं धरून ते सहसा त्याला हात लावत नाही.

माणसांच्या बाबतीत आपण उलट वागतो. हाती पगार नाही, म्हणजे काम नाही! दिवसभर मुलांचं आणि सासू-सासऱ्यांचं करणारी बाईसुद्धा "काही नाही, घरीच असते" असं सांगते. सॅस्कॅटूनच्या कॅरोल लीस या गृहिणीला हे पटलं नाही. घरकामाला काम न मानणारा १९९१ च्या जनगणनेचा अर्ज भरायला त्यांनी नकार दिला. पुढे १९९६ च्या जनगणनेत घरकाम, मुलांचा सांभाळ आणि वृद्धांची सेवा यांत बिनपगारी किती तास गेले, हा प्रश्न आला. २००१ आणि २००६ मध्येही तो होता. २०११ पासून तो गेला. राबणं चालूच राहिलं, ओळ तेवढी पुसली गेली.

कुणी म्हणेल, आपल्याकडे तर निष्काम कर्म थोर मानलंय, मग नोंद हवी कशाला? पण फळाची आशा सोडणं हे करणाऱ्याचं व्रत आहे. त्याच्या आधारावर बाकीच्यांनी त्या कामाकडे डोळेझाक करावी, असं त्यात कुठे आहे? भारतातून बाळंतपणाला येऊन सहा महिने राबणारी आई, गणपतीनंतर हॉलमधल्या खुर्च्या आवरणारे हात, यांना मोबदला नकोच असतो. हिशेबात त्यांच्या नावाची एक कोरी ओळ ठेवणं मात्र आपल्याच हातात आहे.