चार तळहातांचा आधार

जरा निवांत बसा. खांदे सैल सोडा. हात मांडीवर ठेवा, तळवे वर. क्षणभर आपल्याच तळहातांकडे बघा. वाटेत त्यांची आठवण ठेवावी लागणार आहे.

आता मनाने मिनेसोटात चला. संक्रांतीची सकाळ. सूर्य पावणेआठच्या सुमारास उगवलाय, पण उन्हात ऊब नाही. नॉर्थफील्डहून फेअरबोला एका मराठी घरी जायचंय. अंतर जेमतेम वीस-बावीस किलोमीटर. शेजारच्या सीटवर तिळगुळाचा स्टीलचा डबा आहे. काचेवरचा बर्फ खरवडून झालाय, बोटं बधिर आहेत. गाडी चालू करा, पण लगेच निघू नका. एक श्वास आत घ्या. सावकाश सोडा.

निघालात. दोन्ही बाजूंना मक्याची शेतं. कापणीनंतर उरलेले खुंट बर्फातून ओळीने डोकावताहेत. दूर एक लाल कोठार, शेजारी उंच सायलो. 1785 च्या कायद्यानुसार या देशात जमीन चौरस मैलांच्या तुकड्यांत मोजायला सुरुवात झाली, आणि इथले कितीतरी रस्ते त्याच रेषांवरून जातात. म्हणून रस्ता असा सरळ, थेट क्षितिजाला टेकलेला. सरळ रस्ता पायाला भुलवतो. ती भूल ओळखा, आणि पाय हलकाच राहू द्या.

पुढे रस्ता नुसता ओला दिसतोय. इथेच जपायचं. ओलीसारख्या दिसणाऱ्या या बर्फाला ‘ब्लॅक आइस’ म्हणतात. खरं तर हा बर्फ काळा नसतोच. तो काचेसारखा पारदर्शक असतो आणि खालचं डांबर दिसत राहतं. बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकलेलं असतं, पण थंडी उणे दहाच्या खाली गेली की साधं मीठ फारसं काम करत नाही.

आता तळहात आठवा. गाडीचं एक चाक रस्त्याला टेकतं ते साधारण एका तळहाताएवढ्या जागेवर. एवढी मोठी गाडी, तिच्यातली माणसं, तो डबा, सगळं या चार तळहातांवर चाललंय. त्यांच्या अंगची पकड मोजकीच असते. ती ब्रेकसाठी वापरली तर वळायला उरत नाही. म्हणून वेग सरळ रस्त्यावरच कमी करायचा आणि मग वळायचं. एका वेळी एकच मागणं.

इथे थोडं थांबा. आपल्या घरातलं एखादं माणूस आठवा, जे सध्या नेहमीसारखंच वागतंय, पण आतून गोठलेलं आहे. वरून काही दिसत नाही. त्याच्याकडे आपण एकाच वेळी किती गोष्टी मागतो? काही ठरवू नका. फक्त त्याचा चेहरा समोर येऊ द्या. एक श्वास.

समोर कॅनन नदीवरचा छोटा पूल. पूल रस्त्याच्या आधी गोठतो, कारण त्याला वारा वरूनही लागतो आणि खालूनही. जमिनीची ऊब त्याला मिळत नाही. दोन्हीकडून वारा झेलणारी माणसंही अशीच आधी गोठतात. पुलावर काहीच अचानक करू नका. ब्रेक नको, वळण नको. मागचं चाक किंचित सरकलंच, तर ॲक्सिलरेटरवरचा पाय अलगद उचला. जिथे जायचंय तिकडे बघा. हात नजरेमागून जातील. खड्ड्याकडे बघत राहिलात तर गाडीही तिकडेच ओढली जाते.

बघा, पूल मागे पडला.

फेअरबोतलं ते घर आलं. दार उघडून कुणीतरी उभं आहे. शेजारच्या सीटकडे नजर टाका. डबा ठेवला होता तिथेच आहे, तसूभरही सरकलेला नाही. आजच्या प्रवासाला एवढी एक खूण पुरे.

तो डबा उचला. दोन्ही तळहातांत धरा. गारठलेलं स्टील हळूहळू कोमट होतंय. तेवढा वेळ द्या. मग आत जा.